आल्तो पिएमोन्ते: गात्तिनारा, गेम्मे, बोका आणि शेजारी. वाण एकच, मग चवी इतक्या वेगळ्या का?

मधली_सुट्टी

नमस्कार मंडळी,

इटलीतल्या उत्तर पिएमोन्तेत, मोन्ते रोझा पर्वताच्या पायथ्याच्या टेकड्यांवर होणाऱ्या वाइन एकाच बैठकीत शेजारी शेजारी ठेवून चाखायच्या आहेत. माणसं आठ. बाटल्या सात, त्या अशा:

कोस्ते देल्ला सेझिया वेस्पोलिना २०२१
ब्रामातेर्रा २०१८
लेस्सोना २०१७
गेम्मे २०१६
बोका २०१५
गात्तिनारा रिझेर्वा २०१३
गात्तिनारा १९८५ (ही एकच जुनी)

बारोलो आणि बार्बारेस्को (पिएमोन्तेच्याच दक्षिण भागातल्या, नेब्बिओलो द्राक्षाच्या वाइन) बऱ्यापैकी परिचयाच्या आहेत, हा भाग मात्र नवा. वाचनात सगळीकडे एकच वाक्य येतं की इथला मुख्य वाण नेब्बिओलो आणि त्याला इथे स्पान्ना म्हणतात. पण वेस्पोलिना सोडली तर एकाही बाटलीच्या दर्शनी लेबलावर द्राक्षाचं नाव नाही. आत नक्की काय आहे हे कळायचं कसं?

दुसरा प्रश्न रंगाचा आणि तुरटपणाचा. गात्तिनारा २०१६ची एक बाटली आधी उघडली होती. रंग फिकट, पेल्याच्या कडेला आत्ताच विटकरी छटा, आणि घोट घेतल्यावर तोंड आवळून निघालं. उरलेली दुसऱ्या दिवशी चांगली लागली. बाटली खराब होती, की ही वाइन अशीच असते?

तिसरा प्रश्न: कुठली आधी, कुठली नंतर, किती वेळ आधी उघडायची? आणि १९८५च्या लेबलावर डीओसीजी (इटलीच्या वाइनचा सर्वांत वरचा दर्जा) नाही, फक्त डीओसी (त्याखालचा दर्जा) आहे. हे ठीक आहे ना?

तांबडमाती

शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण तो एका ओळीत संपतो. गात्तिनाराला डीओसी १९६७ साली मिळाली आणि डीओसीजी १९९० साली. १९८५च्या बाटलीवर डीओसीच असायला हवं. उलट डीओसीजी असतं तर शंका घ्यायची.

आता आत काय आहे. इथे लेबलावर गावाचं किंवा भागाचं नाव असतं आणि वाण त्या नावाच्या नियमात असतो. नियम पाठ असले की लेबल आपोआप वाचता येतं. तुमच्या बाटल्यांपुरते सांगतो.

गात्तिनारा: नेब्बिओलो किमान ९० टक्के. उरलेल्या १० टक्क्यांत उवा रारा आणि वेस्पोलिना, त्यातही वेस्पोलिना ४ टक्क्यांच्या वर नाही. बरेच जण १०० टक्के नेब्बिओलोच भरतात.

गेम्मे: नेब्बिओलो किमान ८५, बाकी वेस्पोलिना आणि उवा रारा. लेस्सोनाचं प्रमाणही हेच.

बोका: नेब्बिओलो ७० ते ९०, आणि वेस्पोलिना-उवा रारा मिळून १० ते ३०. इथे लक्ष द्या. बोका नावाची वाइन निव्वळ नेब्बिओलोची असूच शकत नाही, मिश्रण सक्तीचं आहे.

ब्रामातेर्रा: नेब्बिओलो ५० ते ८०, क्रोआतिना ३० पर्यंत, उवा रारा आणि वेस्पोलिना मिळून २० पर्यंत. वेस्पोलिना सोडून उरलेल्या सहांत क्रोआतिना असण्याची शक्यता फक्त हिच्यात, आणि ती रंगातच दिसेल.

तुमच्याकडे नसलेल्या फारा आणि सिझ्झानो या दोन्हींत नेब्बिओलो ५० ते ७० टक्केच. कोस्ते देल्ला सेझिया (१९९६) आणि नदीपलीकडची कोल्लीने नोवारेसी (१९९४) ही मोठी, सैल छत्रीसारखी नावं. तिथे मात्र वाणाचं नाव लेबलावर लिहिता येतं आणि तो वाण किमान ८५ टक्के लागतो. म्हणून तुमच्या पहिल्या बाटलीवर वेस्पोलिना छापलंय.

मुरवणीचे महिने काढणीच्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून मोजतात. गात्तिनारा ३५ महिने, त्यांतले २४ लाकडात. रिझेर्वा ४७ महिने, त्यांतले ३६ लाकडात. म्हणजे तुमची २०१३ची रिझेर्वा २०१७च्या ऑक्टोबरआधी बाजारात येऊच शकत नव्हती. गेम्मे आणि बोका ३४ महिने, त्यांतले १८ लाकडात. ब्रामातेर्रा आणि लेस्सोना २२ महिन्यांत मोकळ्या होतात. तुलनेसाठी, बारोलो ३८ महिने, १८ लाकडात, आणि १०० टक्के नेब्बिओलो. गात्तिनाराचा लाकडातला काळ बारोलोपेक्षा जास्त आहे, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

पण नियमांनी अर्धंच उत्तर मिळतं. उरलेलं अर्धं मातीत आहे.

सेझिया नदी मोन्ते रोझावरून उतरते आणि या टेकड्यांच्या मधून जाते. उजव्या काठावर गात्तिनारा, डाव्या काठावर गेम्मे. मधे काही किलोमीटरच. तरी माती पूर्ण वेगळी. गात्तिनाराच्या टेकड्या म्हणजे प्राचीन महाज्वालामुखीचे अवशेष. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी इथे प्रचंड उद्रेक झाला, पुढे आल्प्स उचलले गेले तेव्हा कवचाचा तो सगळा थर कलंडला. वरच्या दरीत त्या ज्वालामुखीच्या तळाचे, एके काळी २५ किलोमीटर खोल असलेले खडक आज उघड्यावर दिसतात. द्राक्षबागांत त्याचा जो भाग येतो तो पॉर्फिरी: गुलाबीसर-तांबडा, कठीण, फुटला की टोकदार तुकडे होणारा. त्यावर मातीचा थर पातळ, लोह भरपूर, आणि मुख्य म्हणजे ती आम्लधर्मी. बोका आणि ब्रामातेर्राचा मोठा भागही याच खडकावर आहे.

गेम्मेला मात्र हिमनदीने आणि नदीने आणून टाकलेला गोटे-चिकणमातीचा गाळ. खोल, पाणी धरणारा. लेस्सोना आणखी पश्चिमेला बिएल्ला प्रांतात, तिथे पिवळी-नारिंगी सागरी वाळू. समुद्र तिथवर होता त्या काळातली. तीही आम्लधर्मी, पण हलकी आणि पटकन निचरा होणारी.

याउलट लांगेत, म्हणजे बारोलो-बार्बारेस्कोच्या टेकड्यांत, चुनखडीयुक्त मार्ल (चिकणमातीचा मऊ खडक). रासायनिकदृष्ट्या अगदी दुसरं टोक. त्यात इथे पाऊस जास्त आणि रात्री डोंगरावरून थंड वारा उतरतो. म्हणून बारोलोचा भरीवपणा इथे शोधू नका. नेब्बिओलो इथे अंगाने सडपातळ, आम्लता ताठ, आणि वासात संत्र्याची साल, सुकलेला गुलाब, गंजलेल्या लोखंडासारखी एक झाक. बारोलोचं माप लावलं की या वाइन 'कमी' वाटतात, आणि ते माप चुकीचं आहे.

ओलांडा

वरचं सगळं बरोबर. वाणांबद्दल भर घालतो, कारण मिश्रणातले तीन वाण 'किरकोळ' समजून सोडून देतात आणि मग बोका कळत नाही.

आधी नेब्बिओलो. याचे डोळे लवकर फुटतात आणि फळ फार उशिरा पिकतं. एप्रिलमधलं दंव एका बाजूला, ऑक्टोबरचा पाऊस दुसऱ्या बाजूला, आणि मधला सगळा काळ याला हवा. त्यात आणखी एक खोड: काडीच्या बुडाचे पहिले दोन-तीन डोळे बहुधा वांझ असतात. त्यामुळे ओलांड्यावर (वेलाच्या आडव्या, कायमच्या फांदीवर) दोन-दोन डोळ्यांची आखूड छाटणी केली तर वेल हिरवागार दिसतो आणि घड मोजकेच लागतात. याला लांब काडीच लागते, साधारण आठ-दहा डोळ्यांची, दर वर्षी नवी. म्हणून इथे बहुतेक बागा ग्युयो पद्धतीच्या.

बोका आणि माज्जोराच्या परिसरात एक जुनी पद्धत अजून थोडी टिकून आहे, तिला माज्जोरिना म्हणतात. एका जागी तीन-चार वेल लावतात आणि लाकडी दांड्यांवरून ते चारही दिशांना पसरवतात. खालून पाहिलं तर उघड्या पेल्यासारखा आकार. ऊन चारही बाजूंनी लागतं, वारा खेळतो, घड जमिनीपासून उंच राहतात. तोटाही उघड आहे, रांगच नसल्यामुळे ट्रॅक्टर आत जात नाही, फवारणीपासून काढणीपर्यंत सगळं हाताने. या मांडणीला नीट भौमितिक रूप आलेस्सांद्रो आन्तोनेल्ली या वास्तुविशारदाने दिलं असं मानतात. तोरिनो शहरातली मोले आन्तोनेल्लियाना ही उंच वास्तू बांधणारा तोच, जन्म १७९८, गाव गेम्मे.

वेस्पोलिना: डीएनए चाचणीत नेब्बिओलोचं अपत्य ठरलेला वाण. आईबापांपैकी नेब्बिओलो एक. पण स्वभाव वेगळा. आधी पिकते, गोडी चढली की गांधीलमाश्या तुटून पडतात (नाव त्यावरूनच पडलं असं म्हणतात, वेस्पा म्हणजे गांधीलमाशी). नेब्बिओलोसाठी थांबून दोन्ही एकत्र काढले तर वेस्पोलिनाचे मणी सुरकुतलेले मिळतात. त्यामुळे वेगळी काढणी, वेगळं आंबवणं, मिश्रण नंतर. तिची खूण म्हणजे काळी मिरी. ही उपमा नाही, खरोखर मिऱ्यात जो रेणू असतो तोच, रोटुंडोन, तिच्या सालीत भरपूर असतो. आणि इथे तुमच्या बैठकीच्या कामाची गोष्ट: साधारण पाच माणसांत एकाला रोटुंडोनचा वास येतच नाही, कितीही असला तरी. आठ जणांत एखाददुसरा 'कुठे आहे मिरी?' म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नका, त्याचं नाक तसंच आहे.

उवा रारा: 'रारा' म्हणजे विरळ. मणी घडात सुटे सुटे बसतात, म्हणून हवा खेळते आणि कूज कमी. चवीला मऊ, फुलांचा वास, तुरटपणा फारसा नाही. नेब्बिओलोची धार बोथट करायला घालतात.

क्रोआतिना: गर्द जांभळा रंग आणि ठसठशीत फळ. टाकीत हवा कमी पडली की हिला उकडलेल्या कोबीसारखा, गंधकाचा वास धरतो, तेव्हा वेळच्या वेळी हवेशीर उपसणी (वाइन एका टाकीतून दुसरीत काढणं) लागते. तुमची ब्रामातेर्रा उघडल्याबरोबर तसा हलका वास आला तर घाबरू नका, पेल्यात फिरवून वीस-तीस मिनिटं द्या. तेवढ्यात गेला तर तो तोच. ओल्या पुठ्ठ्याचा वास असेल आणि वेळ जाईल तसा वाढत असेल तर कॉर्कचा दोष. तो जात नाही.

आता तुमच्या फिकट रंगाचं. नेब्बिओलोच्या सालीत रंगद्रव्य मुळातच बेताचं, आणि त्याचा प्रकारही कच्चा. बहुतेक तांबड्या वाणांत माल्विडिनचा वाटा सर्वांत मोठा असतो, तो त्यातल्या त्यात टिकाऊ. नेब्बिओलोत पिओनिडिन आणि सायनिडिनचा वाटा मोठा. सायनिडिन हवेला लवकर बळी पडतं. म्हणून तरुण वाइनच्या कडेलाही विटकरी छटा येते. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरा: मध्यभागी डाळिंबी, कडेला कांद्याच्या सालीसारखी नारिंगी पट्टी. या वाणात एवढ्यावरून 'म्हातारी झाली' म्हणता येत नाही. नाकाला सुका मेवा, बुळबुळीत सफरचंद, व्हिनेगर असं काही आलं तरच शंका घ्या.

तोंड आवळण्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, त्या वेगळ्या करायला शिका. घोट गिळल्यावर जिभेखाली पाणी सुटलं तर ती आम्लता. हिरड्या आणि ओठांची आतली बाजू कोरडी, खरखरीत झाली तर ते टॅनिन. गात्तिनारात दोन्ही वरच्या पट्टीत असतात. २०१६ची चव अजून मिटलेली होती, रात्रभरात हवेने सैल झाली. दोष नाही.

साकागाळ

उघडण्याचं आणि क्रमाचं मी सांगतो.

मात्रा: सात बाटल्या, माणशी ५० मिली. बाटलीतले ४०० मिली वाटले जातात, ३५० उरतात. माणशी एकूण ३५० मिली होतात, म्हणजे थुंकायची भांडी ठेवाच. उरलेलं जेवताना. पेले माणशी दोन, पोट मोठं आणि तोंड आत वळलेलं असे. लहान सरळ पेल्यात नेब्बिओलोचा वास वर येतच नाही आणि आम्लता तेवढी टोचते.

तापमान: १६ ते १७ अंश, वेस्पोलिना १४-१५. थंड पडली की टॅनिन जास्त कठोर लागतं, वीसच्या वर गेली की अल्कोहोल नाकात चढतं आणि गुलाबाचा वास झाकला जातो. खोली गरम असेल तर १५ वर ओता, पेल्यात दोन अंश लगेच चढतात. खोलीच्या तापमानावरची बाटली फ्रिजमध्ये साधारण तासभर, पण अंदाजापेक्षा थर्मामीटर बुडवून बघणं बरं.

हवा: वेस्पोलिना सरळ उघडून ओता. लेस्सोना अर्धा-पाऊण तास डिकँटरमध्ये (वाइनला हवा लागावी म्हणून ओतून ठेवायचं रुंद काचेचं भांडं). ब्रामातेर्रा तासभर, कारण वर ओलांडा यांनी सांगितलंच. गेम्मे आणि बोका दीड ते दोन तास. गात्तिनारा रिझेर्वा २०१३ दोन तास. नुसतं कॉर्क काढून बाटली तशीच उभी ठेवण्याने काही होत नाही, मानेएवढ्या जागेतून हवा कितीशी लागणार? ओतून काढाच, आणि डिकँटर कमी असतील तर पाण्याच्या जगमध्ये ओतून, बाटली खंगाळून परत बाटलीत भरा. तेवढ्याने काम होतं.

क्रम: वेस्पोलिना, लेस्सोना, ब्रामातेर्रा, बोका, गेम्मे, गात्तिनारा २०१३, आणि शेवटी १९८५. हलक्याकडून जडाकडे आणि नव्याकडून जुन्याकडे.

तांबडमाती

साकागाळ, १९८५ शेवटी ठेवणं नाही पटलं. बाकी क्रम ठीक.

१९८५ची बाटली चांगल्या अवस्थेत असेल तर तिच्यात आता टॅनिन विरघळल्यात जमा असेल, वास नाजूक: सुकलेली पानं, चहा, संत्र्याची वाळलेली साल. तिच्याआधी तीन तरुण, टणक नेब्बिओलो घेतले की हिरड्या सुन्न झालेल्या असतात आणि तिची चव पाण्यासारखी लागते. 'जुनी शेवटी' हा नियम मानाचा आहे, चवीचा नाही. मी ती लेस्सोनानंतर तिसरी ठेवेन. मग दहा मिनिटं थांबून, कोरडा पाव खाऊन ब्रामातेर्राकडे.

वेस्पोलिना पहिली ठेवण्यात मात्र एक डाव साधता येतो. तिचा मिरीचा वास डोक्यात बसला की पुढे बोकात तीच झाक सापडते, आणि नियमातलं १० ते ३० टक्के म्हणजे काय ते नाकालाच कळतं. त्यासाठी वेस्पोलिनाचा पेला रिकामा करू नका, बोका येईपर्यंत दोन घोट राखून ठेवा. एकाच वासाला नाक लवकर सरावतं, तेव्हा अधूनमधून साध्या पाण्याचा वास घ्या.

मधली_सुट्टी

सगळ्यांचे आभार, हे अपेक्षेपेक्षा बरंच जास्त आहे.

तीन शंका राहिल्या. एक, वाचताना 'बोनार्दा' हे नाव सारखं आडवं येतं, ते यातलं कुठलं? दोन, १९८५ची बाटली आत्तापर्यंत आडवी होती, ती नेमकी हाताळायची कशी? तीन, सोबत खायला काय, तिथलंच काही?

ओलांडा

बोनार्दा हा घोळ आहे खरा. नोवाराच्या टेकड्यांत 'बोनार्दा नोवारेसे' म्हणजे उवा रारा. तिथून आग्नेयेला ओल्त्रेपो पावेसेत 'बोनार्दा' लिहिलेली वाइन म्हणजे क्रोआतिना. आणि 'बोनार्दा पिएमोन्तेसे' हा तिसराच, वेगळा वाण. म्हणजे नाव एक, वाण तीन. कुठल्या टेकडीवरची बाटली ते आधी बघायचं, मग अर्थ लावायचा. नेब्बिओलोचंही तसंच उलट: वाण एक, नावं चार. इथे स्पान्ना, ओस्सोला खोऱ्यात प्रुनेंत, कारेमात पिकोतेंद्रो, वाल्तेल्लीनात क्यावेन्नास्का. वेस्पोलिनाला ओल्त्रेपोत उघेत्ता म्हणतात.

असाच एक अडसर पांढऱ्या वाइनचा. या भागातला पांढरा वाण एर्बालुचे. पण ते नाव लेबलावर वापरायचा हक्क कालुझो या गावाच्या वाइनकडे आहे, म्हणून नोवाराच्या टेकड्यांवरचे लोक त्याच द्राक्षाच्या वाइनवर नुसतं 'कोल्लीने नोवारेसी बियान्को' लिहितात. बैठकीच्या आरंभी तोंड ओलं करायला अशी एखादी मिळाली तर घ्या, आम्लता छान खणखणीत असते.

साकागाळ

तांबडमाती, ठीक आहे, १९८५ तिसरी. हिरड्यांचा मुद्दा मान्य. पण मग डिकँटर अजिबात नाही, आणि ती ओतली की लगेच प्यायची, कुणाची वाट बघायची नाही.

हाताळणी: बाटली किमान दोन दिवस आधी उभी करा, चार असले तर उत्तम. नेब्बिओलोचा साका फार बारीक असतो, पिठासारखा. तो जाड पापुद्र्यांसारखा तळाशी बसत नाही, जरा हललं की सगळी वाइन गढूळ होते आणि चव कडवट. म्हणून उभी केल्यावर जागा बदलू नका, जिथे ओतणार त्याच टेबलावर उभी करा.

कॉर्क: चाळीस वर्षांचं, खालचा भाग भिजून मऊ झालेला असणार. साध्या मळसूत्राने मधोमध तुटतं. दोन पात्यांचा ओपनर घ्या. लांब पातं आधी, कॉर्क आणि काचेच्या मधे, मग आखूड, आळीपाळीने डोलवत खाली, मग हळू फिरवत वर. पाती घालताना सरळ खाली दाबलंत तर कॉर्क आत जातं, ही सगळ्यात नेहमीची चूक. तुटून आत पडलंच तर बाटली उपडी करून खेळ करू नका, मलमलीच्या धुतलेल्या तुकड्यातून ओता. कॉफीचा कागद नको, कागदाची चव उतरते.

ओतणं: मानेखाली टॉर्च किंवा मेणबत्ती, एकाच संथ धारेत आठही पेले भरा. मधे बाटली सरळ केलीत की साका उसळतो. म्हणून पेले आधीच एका रांगेत, एकमेकांना चिकटवून ठेवा आणि मान न उचलता धार पुढे सरकवा. खांद्यापाशी धुरकट रेघ दिसली की थांबा. तळाचे ५०-७० मिली सोडून द्यायचे. उघडल्यावर पहिल्या मिनिटात कोंदट, तळघरासारखा वास येईल. पाच मिनिटांत तो विरला तर बाटली ठणठणीत आहे.

पातळीही बघून ठेवा. मानेच्या तळापर्यंत वाइन असेल तर या वयाला उत्तम. खांद्याच्या मध्याखाली गेली असेल तर फार आशा ठेवू नका, आणि एक पर्यायी बाटली हाताशी असू द्या.

चौथी_काडी

खाण्याचं मी सांगते. नोवारा-वेर्चेल्लीचा सखल भाग म्हणजे भाताची खाचरं, त्यामुळे तिथलं पहिलं पान भाताचंच. पानिश्शा: भात, बोर्लोत्ती घेवडा, कोबी, चरबीत मुरवून ठेवलेली सालाम दे ला दुया ही सॉसेज, आणि शिजवताना तांबडी वाइन. चरबी आणि घेवड्याचा पिठूळपणा टॅनिनला गुंडाळून टाकतो, म्हणून गेम्मे-गात्तिनाराशी याचं जमतं. त्यात जी वाइन ओताल ती यांपैकी नसावी, साधी चालते. तीनशे ग्रॅम तांदळाला एक पेला पुरे. जास्त ओतली की आंबट होतो, आणि ती भाताच्या आधी नीट आटवली नाही तर कच्ची चव राहते.

बोर्गोमानेरोचं तापुलोने, म्हणजे गाढवाच्या मांसाचा बारीक खिमा तांबड्या वाइनमध्ये शिजवलेला, हे बोकाजवळचं. ते न जमल्यास गोमांसाचा वाइनमध्ये मंद शिजवलेला तुकडा.

चीजमध्ये मुरलेला तोमा घ्या. गोर्गोन्झोला नोवाराचंच म्हणून लोक हटकून ठेवतात, पण निळ्या बुरशीचं चीज आणि टणक नेब्बिओलो एकत्र आले की धातूसारखी कडू चव येते. ठेवायचंच तर सगळ्या बाटल्या संपल्यावर. व्हिनेगर घातलेलं सॅलड, लोणच्याच्या मिरच्या असलं काही चाखताना टेबलावर नको.

मधली_सुट्टी

म्हणजे क्रम असा ठरला: वेस्पोलिना (दोन घोट राखून), लेस्सोना, १९८५, थांबा, ब्रामातेर्रा, बोका, गेम्मे, गात्तिनारा २०१३. लेस्सोना २०१७ ही उष्ण, कोरड्या वर्षाची आहे, त्यामुळे ती फार पिकलेली लागून नंतरच्या जुन्या बाटलीवर सावली पडेल का?

तांबडमाती

पडू शकते. २०१७ला एप्रिलमध्ये दंव आणि नंतर लांब कोरडा उन्हाळा, फळ दाट आणि अल्कोहोल वर. त्यात लेस्सोनाची वाळू पाणी धरत नाही, कोरड्या वर्षी वेलाला ताण लवकर बसतो. बैठकीच्या आधी लेस्सोनाचा एक घोट चाखून बघा. शिजवलेल्या फळासारखी, जड वाटली तर ती ब्रामातेर्राच्या नंतर ढकला आणि १९८५ वेस्पोलिनाच्या पाठोपाठ घ्या. फक्त त्या दोघींच्या मधे पेला बदला आणि पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर जुन्या गात्तिनारातही मिरीच लागेल.

साकागाळ

आणि लेस्सोना ढकलली तर तिचा डिकँटरचा वेळही त्याप्रमाणे पुढे न्या. पाऊण तास म्हणजे पाऊणच, त्यावर नाही. वाळूवरच्या नेब्बिओलोला दोन तास हवेत ठेवलं की आधी वासच उडतो, तुरटपणा मागे राहतो.